आम्हांला बोलावलं कुणी?



एक सवाल आपल्या तोंडावर नेहमी फेकला जातो. १९५५ साली राज्य पुनर्रचना मंडळाचा अहवाल आला तेव्हा तो फेकला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचे ठरले तेव्हा फेकला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तरी तो सवाल काही मेला नाही. विझलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखा अधूनमधून लाल होतोच. सवाल असा : "अरे, मुंबईत सगळेच बाहेरचे. तुम्ही घाटावरून आलात, कोकणातून बोटीने आलात. शहर वसवले ते व्यापाऱ्यांनी, पैसा ओतला तो शेठजींनी. तुम्ही आलात पोट भरायला. मग मुंबई तुमची कशी? तुम्हांला बोलावलं कुणी?"

आपला माणूस हे ऐकतो आणि पेटतो. शिवी हासडतो, नाहीतर शिवाजी महाराजांचे नाव घेतो आणि मोकळा होतो. मी म्हणतो, बाबांनो, पेटू नका. सवाल नीट ऐकून घ्या. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. आपण बाहेरून आलो, हे खरे. कुणी अक्षत देऊन बोलावले नव्हते, हेही खरे. पण मग बाकीचे कसे आले? शेठजी कसा आला, त्याचा पैसा कसा आला, गिरणी कशी आली? मस्टर तपासायचे तर सगळ्यांचेच तपासू. एकाचीच हजेरी घ्यायची आणि दुसऱ्याला फाटकातून तसेच आत सोडायचे, हा कुठला न्याय?

आंदण गेलेले बेट

पहिली हजेरी मुंबईचीच. हे बेट इंग्रजाने लढून घेतले नाही, व्यापार करून कमावले नाही. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी, दुसऱ्या चार्ल्सशी, लग्न ठरले आणि लग्नाच्या करारात मुंबई आंदण गेली. राजाला त्या आंदणाचे काय करावे कळेना. १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, वर्षाला दहा पौंड भाड्यावर! आपल्या चाळीतली खोली सोडताना सुद्धा माणूस यापेक्षा जास्त विचार करतो.

ज्यांची घरे इथे होती, त्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, आगऱ्यांना कुणी विचारले? एका परक्या मुलीचे लग्न झाले आणि यांचा धनी बदलला. म्हणजे हे शहर मुळात कुणाच्या अकलेतून निघालेले नाही. ते एका सोयरिकीच्या योगायोगाने उभे राहिले. 'आम्ही मुंबई वसवली' म्हणून छाती काढणाऱ्याने आधी हे एवढे ध्यानात ठेवावे.

लढाई अमेरिकेत, गिरणगाव मुंबईत

आता गिरणीची हजेरी. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला काम सुरू झाले. पण एका गिरणीचे गिरणगाव होत नाही. ते झाले कसे, ही गोष्ट बघण्यासारखी आहे. तिची सुरुवात हजारो मैलांवर, समुद्रापलीकडे होते.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी पेटली. तिथल्या दक्षिण भागातले मळेवाले गुलामांकडून कापूस पिकवून घेत. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसे आणि त्यांची मुलेनातवंडे चाबकाखाली कापूस वेचत. गुलामगिरीपायी लढाई जुंपली. प्रेसिडेंट लिंकनने दक्षिणेची बंदरे आरमाराने कोंडली. कापूस अडकला. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः याच कापसावर चालत. त्या पटापट बंद पडल्या. लाखो गोरे कामगार घरी बसले, सदावर्ताच्या रांगेत उभे राहिले.

इथे जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या भाऊबंदांची आहे. पोट उपाशी असतानाही १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेतली आणि लिंकनला पाठिंबा कळवला. गुलामाने वेचलेला कापूस आला असता तर त्यांच्याच चुली पेटणार होत्या. तरी त्यांनी गुलामाची बाजू घेतली. १८६३ च्या जानेवारीत लिंकनने त्यांना उत्तर लिहून त्यांच्या धीराची वाखाणणी केली. कामगाराला दूरचे दिसत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

आता मुंबईकडे या. लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसावर उड्या पडल्या. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड, सगळीकडचा कापूस मुंबई बंदराकडे धावला. १८६३ साली बोर घाटातून रेल्वे सुरू झाली होती, ती याच वेळी कामाला आली. भाव कित्येक पट चढला. मुंबईत पैशाचा पूर आला. सट्टा सुरू झाला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायच्या कागदावर लोकांनी घरेदारे लावली. प्रेमचंद रायचंदसारखे सट्टेवाले राजे झाले. १८६५ च्या वसंतात तिकडे लढाई संपली, आणि १ जुलै १८६५ ला, सौद्यांच्या वायद्याच्या दिवशी, इकडे सगळा डोलारा कोसळला. बँका बुडाल्या, शेठ नादार झाले. १८६४ च्या मोजणीत शहरात ८,१६,५६२ माणसे होती. १८७२ च्या मोजणीत ६,४४,४०५ भरली. मोजणीतल्या चुका धरल्या तरी पूर आला तशीच माणसे ओहोटीबरोबर गेली, हे स्पष्ट आहे.

पण पूर ओसरला तरी गाळ राहतो. लढाईच्या पैशातला जो पैसा बुडाला नाही, तो पुन्हा कापसाच्या सट्ट्यात जायला धजेना. तो गिरण्यांत वळला. जमशेटजी टाटांच्या घराण्याने कापसाच्या तेजीत कमावले, मंदीत घालवले. पुढे १८६९ साली चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली. त्याच वर्षी सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई विलायतेच्या जवळ आली. पुढे चीनच्या बाजारात मुंबईचे सूत खपू लागले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्यांची धुराडी उभी होती.

तेव्हा, शेठजी, तुम्ही पैसा ओतलात हे आम्ही नाकारत नाही. गिरणी काढायला धाडस लागले, तेही मान्य. पण पैसा आला कुठून? थोडा चीनला अफू पाठवून आला. थोडा वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याच्या कापसातून आला. आणि मोठा लोंढा आला तो अमेरिकेत गुलामांवरून लढाई झाली म्हणून. तुम्हांला तरी बोलावलं कुणी? तुम्हीही त्याच लाटेवर आलात. तुम्ही वर तरंगलात, आम्ही खाली होतो, एवढाच फरक.

गिरणीत ढकलणारा हात

त्याच लढाईची दुसरी बाजू शेतकऱ्याने पाहिली. कापसाला भाव होता तेव्हा सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. भाव पडला, कर्ज राहिले. वर सरकारने जमिनीचा सारा वाढवला. कोर्ट सावकाराचे, कागद सावकाराचा, अंगठा आपला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. नगर जिल्ह्यातही वणवा गेला. त्याच्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. पुणे, नगर, सातारा, सोलापूरचा गडी घाट उतरला तो हौसेने नव्हे. दूरच्या एका लढाईने एका हाताने गिरणी उभी केली आणि दुसऱ्या हाताने माणूस तिच्या दारात ढकलला.

कोकणचे तसेच. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरच फार, शेताच्या चिंध्या, त्यावर खोताचे जू. पिकवायचे कुळाने, मोजून न्यायचे खोताने. पूर्वी पलटणीत भरती होऊन कोकणचा मराठा आणि महार चार पैसे घरी पाठवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजाने महारांची भरती बंद केली, तो दरवाजा लागला. त्यात किनाऱ्याने आगबोट सुरू झाली होती. डेकवर बसायचे, एक रात्र ओकाऱ्या काढायच्या, सकाळी मुंबई. डोंगरातून चालत जाण्यापेक्षा हे सोपे. बोटीचा मार्ग तिथून गेला नसता, तर गिरणगावात मालवणी बोली एवढी ऐकू आली असती का? कोण जाणे.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या दर शंभर माणसांत ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. दर पाच माणसांत एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. आणि हजार पुरुषांमागे बाया सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे नवरा मुंबईत, बायको गावी. तिने शेत कसायचे, सासूसासरे सांभाळायचे, पोरे वाढवायची आणि पोस्टमनची वाट बघायची. मालकाला मजुरी कमी देणे परवडले, कारण कामगाराच्या पोराबाळांचे अर्धे पोट त्या बाईने गावात भरले. मुंबई कुणी वसवली म्हणून विचारता? मनिऑर्डरीवर अंगठा उठवणाऱ्या त्या बाईने सुद्धा वसवली. तिने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही.

आणि फक्त आपणच आलो असे नाही. उत्तरेकडून आझमगड, बनारसकडचे मोमीन विणकर आले. विलायती कापडाने त्यांचा हातमाग मोडला होता. ते मदनपुऱ्यात राहिले आणि साच्यावर उभे राहिले. तेलंगणातून कामाठी आले, पद्मशाली आले. १९४७ साली देशाची फाळणी झाली, कागदावर रेघ ओढली गेली, आणि सिंधी माणूस कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडला. तिथेच पुढे उल्हासनगर झाले. यांतल्या कुणाला बोलावलं होतं? कुणालाच नाही. दुष्काळ, कर्ज, मोडलेला माग, एखादी लढाई, एखादी रेघ यांनी माणूस उचलला आणि मुंबईच्या किनाऱ्यावर आणून टाकला.

उंदराने दिलेली पगारवाढ

आता कोणी म्हणेल, सगळा योगायोगच असेल तर आपण काय करायचे? हात जोडून बसायचे? नाही. योगायोगाने मिळालेले आणि झगडून मिळालेले यांत काय फरक असतो, ते १८९६ च्या प्लेगने दाखवून दिले.

त्या वर्षी सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिला रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत शहरात हाहाकार झाला. घरांच्या झडत्या, छावण्या, धूर, कुलपे. जो तो गाठोडे बांधून गावाकडे पळाला. १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ अर्धे शहर ओस पडले. गिरण्यांत माणूस मिळेना. मग काय झाले? एरवी कामगाराला फाटकावर ताटकळत ठेवणारे गिरणीवाले नाक्यानाक्यावर माणसे पाठवून मजुरांची बोली लावू लागले. एक गिरणी इतका रोज देते, तर दुसरी त्याहून जास्त. महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवणारे रोजच्या रोज पैसे हातावर ठेवू लागले!

हे मिळाले कशाने? उंदराच्या पिसवेने. म्हणूनच टिकले नाही. माणसे गावाकडून परत आली, फाटकावर गर्दी झाली, आणि बोली बंद. पुन्हा तेच ताटकळणे, तीच मुकादमाची दस्तुरी. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा तर मालकांनी चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम घ्यायला सुरुवात केली. सूर्य बुडला तरी पाळी संपेना.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. नारायण मेघाजी लोखंडे हा जोतीराव फुल्यांचा सहकारी, 'दीनबंधू'चा संपादक. त्यांनी गिरणी कामगारांना जमवले, हजारोंच्या सह्यांचे अर्ज केले, सभा घेतल्या. त्यातून १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे स्वतः प्लेगनेच गेले. प्लेगने दिलेली मजुरी प्लेगबरोबर गेली. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार मात्र राहिला. अपघाताने मिळते ते अपघाताने जाते. जमून, झगडून, कायद्यात घालून घेतलेले हिसकावणे मालकाला जड जाते.

गर्दीची जनता कशी झाली

गावातून उचलून आणलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची मोठी शहरे जगात ठिकठिकाणी झाली. मोठमोठे विद्वान अशा शहरातल्या माणसांना 'गर्दी' म्हणतात. म्हणे, गर्दीला तोंड नसते, डोके नसते. मी म्हणतो, त्यांनी आपल्या चाळीत एक महिना राहून बघावे.

गावकीच्या खोलीत तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसे राहात. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची आणि त्याच जागेवर आपली पसरायची. पण त्या खोलीला नियम होते. भाडे वाटून, भांडण मिटवणारे पंच, आजारी पडला तर वर्गणी, मेला तर गावी कळवायची जबाबदारी. खानावळवाली बाई महिनाभर उधारीवर जेवू घाली. संपात तर तिच्याच उधारीवर अनेकांची चूल चालली. तिचे नाव कुठल्या युनियनच्या वहीत नाही. भजनी मंडळ, आखाडा, गणपती, तमाशा, शाहिराचा फड, हे सगळे आपण उभे केले. कुठला शेठ देणगी देऊन गेला नव्हता.

मग ही गर्दी बोलू लागली. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईचा गिरणी कामगार सहा दिवस रस्त्यावर होता. वर्षाला एक दिवस, हा हिशेब त्याला कुणी शिकवला नव्हता. १९२८ साली गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार एकदिलाने उभे होते, आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा घरोघर पोचला. त्या सभांत मालवणी, घाटी, खानदेशी, हैदराबादी सगळे एकमेकांना समजेल असे बोलायला शिकले. साच्यांच्या खडखडाटात, फाटकावरच्या सभेत आपली मराठी घडली. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून पायी मुंबईला आले. पुढे त्यांनी आणि अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राचा आवाज उठवला, तो या फाटकावरच्या मराठीत.

पण आपली पाठ थोपटताना आपले पाप झाकायचे नाही. साच्यावर धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य भावांना साचाखात्यात, जिथे चांगला पगार होता तिथे, पाय ठेवू दिला नाही. त्यांना रिंग खात्यात ठेवले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. तो आपल्यालाही विचारलेला 'तुम्हांला बोलावलं कुणी' होता, फक्त विचारणारे आपण होतो. आणि बायांचे काय? त्यांचे काम मुख्यतः रिळ-कांडीच्या खात्यांत होते. नवीन यंत्रे आली, कपात आली, की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. आपण किती वेळा त्यांच्यासाठी साचा थांबवला? ज्याने दुसऱ्याला फाटकावर अडवले, त्याचा आवाज मालकापुढे निम्मा होतो.

मग मुंबई कुणाची?

आता मूळ सवालाला उत्तर देऊ. १९५४-५५ साली शहरातल्या बड्या लोकांच्या बॉम्बे सिटिझन्स कमिटीने मुंबई वेगळी ठेवा म्हणून मागणी केली. मुंबईत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी, हा त्यांचा मोठा पुरावा. शहर व्यापाऱ्यांनी वसवले, हा दुसरा. बाबासाहेबांनी १९४८ सालीच दार कमिशनला दिलेल्या निवेदनात असले दावे खोडून काढले होते.

मी साधे विचारतो. हे शहर पाणी कुठले पिते? विहार, तुळशी, तानसा. हे सगळे आपल्या डोंगरातले. १९१५ पासून गिरण्यांना वीज कुठून आली? खोपोलीहून, सह्याद्रीच्या पाण्यातून. मुळशीच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी गेल्या. त्यासाठी १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. जमीन इथली, पाणी इथले, हात इथले. फक्त नफा तेवढा 'सर्वांचा', म्हणजे शेठजींचा?

शहर योगायोगाने वसले हे कबूल केले की जुन्या वतनाचा दावा कुणालाच करता येत नाही, पैशालाही नाही. मग हक्क कशाने ठरतो? माझ्या मते तो तिथे केलेल्या कामाने आणि आजूबाजूच्या मुलुखाशी असलेल्या नात्याने ठरतो. १९५५ च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडल्या गेल्या, १९५६ च्या जानेवारीत गल्लीगल्लीत झाडल्या गेल्या. १०६ हुतात्मे झाले. त्यांत गिरणी कामगारांची पोरे होती. फ्लोरा फाउंटनच्या स्मारकावर मशाल घेऊन उभे आहेत ते कामगार आणि शेतकरी. शेठजी नाही. ज्यांना घाटाने, दुष्काळाने, बोटीने इथे आणून टाकले, त्यांनी या वेळी जाणूनबुजून, सगळे समजून, मुंबई मागितली आणि तिची किंमत दिली.

आणि भाषेचे राज्य मागितले ते कशासाठी? मिरवायला नाही. फाटकावर नोटीस लागली तर ती वाचता यावी यासाठी. कोर्टात आपला खटला कशाबद्दल चालला आहे हे कळावे यासाठी. अंगठा उठवण्याआधी कागदावर काय लिहिले आहे ते समजावे यासाठी. सुप्याच्या शेतकऱ्याने जे रोखे जाळले, ते त्याला वाचता येत नव्हते. भाषेचे राज्य म्हणजे कामगाराला वाचता येणारा कागद.

राज्य आले, भोंगा गेला

राज्य आले. पण कागद कुणी लिहायचा, हे आपण पाहिले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या पाठीमागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाला योगायोगाने हरवले असे म्हणून चालणार नाही. १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करायचा हक्क दिला होता. कामगार दुसऱ्याच्या मागे गेला तरी त्याचे तोंड कायद्याने बांधलेले. मालकाने माल भिवंडी-मालेगावच्या मागांवर विणून घेतला. त्याला कापडापेक्षा जमीन महाग दिसू लागली. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश शहराला, एक तृतीयांश लोकांच्या घरांना, उरलेला मालकाला, असा वाटा होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता राहिला. २००६ साली सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. धुराडी पडली, टॉवर चढले. हा प्लेग उंदराने आणला नव्हता. तो सहीशिक्क्याने आला, आणि आपल्याच राज्याच्या, आपल्याच भाषेच्या मंत्रालयातून आला.

म्हणून बंधूंनो, शेवटी एवढेच सांगतो. साचा मुंबईतून हलला, भिवंडीला गेला, इचलकरंजीला गेला. तिथे त्याच्यासमोर उभा राहणारा माणूस पुष्कळदा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, तेलंगणातून आलेला असतो. त्याच्याकडे बघून आपल्या ओठावर कोणता सवाल येतो, ते तपासा. 'तुला बोलावलं कुणी?' असे आपण विचारले, तर समजा शेठजी आपल्या तोंडून बोलतो आहे. त्यालाही कर्जाने, दुष्काळाने, मोडलेल्या धंद्याने आणले. आपल्या पणज्याला आणले तसेच. त्याला मराठी शिकवा, युनियनच्या सभेत शेजारी बसवा, नोटीस वाचून दाखवा. तो आपल्यात आला तर महाराष्ट्र मोठा होईल. तो मालकाच्या बाजूला राहिला तर आपली मजुरी खाली येईल. हा साधा व्यवहार आहे, उपकार नव्हे.

येण्यावर आपला ताबा नव्हता. ती लढाई आपली नव्हती, तो उंदीर आपला नव्हता. पण आल्यावर आपण काय उभे केले, त्यावर मात्र आपला शिक्का आहे. चाळ उभी केली, खानावळ उभी केली, युनियन उभी केली, राज्य मिळवले. जे निसटले ते जमलेल्या हातांनीच परत येईल. गिरणीच्या जमिनीवर कामगाराचे घर, कामगाराला वाचता येईल असा कायदा, आणि बोलणी कुणी करायची हे ठरवायचा कामगाराचाच हक्क, या तीन मागण्या घेऊन फाटकाफाटकावर बोला.

आणि पुन्हा कुणी विचारले, "तुम्हांला बोलावलं कुणी?", तर शांतपणे सांगा : "कुणी नाही. तुम्हांला तरी कुणी बोलावलं होतं? पण घडवलं आम्ही, आणि आता हलणार नाही."

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!

— एक गिरणी कामगार